आधी आकडा, मग सही

पाठ्यपुस्तकात त्यावर दोनच वाक्यं होती. १९५८ मध्ये चीनने ‘मोठी झेप’ हा कार्यक्रम हाती घेतला. त्यास अपेक्षित यश आले नाही.

प्रा. मोहिनी गायधनी यांनी दुसरं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. तारीख १६ ऑक्टोबर २०००, वार सोमवार. नाशकातल्या द्वारका चौकापासून चालत दहा मिनिटांवरच्या कॉलेजातला टी. वाय. बी. ए.चा इतिहासाचा वर्ग. पटावर एकेचाळीस, हजर सव्वीस. दिवाळीच्या सुट्टीला पाच दिवस राहिले होते आणि निम्मा वर्ग मनाने घरी पोचला होता.

“अपेक्षित यश आले नाही, म्हणजे काय झालं?” बाईंनी विचारलं.

“मॅडम, हा प्रश्न किती मार्काला येतो?” हा अमित. मखमलाबादचा, घरची फुलशेती. पहाटे शेवंती मार्केटला टाकून तो थेट वर्गात येई आणि मागच्या बाकावरून प्रत्येक तासाला असा एक प्रश्न टाकी.

“मार्क चार. माणसं तीन कोटी.”

वर्ग हसायला निघाला होता, तो मध्येच थांबला.

“तीन कोटी माणसं उपासमारीने मेली. आकडा अंदाजे आहे. दीड कोटी म्हणणारे आहेत, तीनच्या वर जाणारेही आहेत. पेपरात लिहाल तेव्हा ‘अंदाजे’ लिहायचं. नाही लिहिलं तर अर्धा मार्क कापेन. मेलेल्या माणसांचा आकडा आपण ठोकून द्यायचा नाही. ठोकून दिलेल्या आकड्यांमुळेच ती मेली.”

मोहिनी गायधनींना शिकवायला लागून अकरा वर्षं झाली होती. त्या आवाज चढवत नसत. चीनच्या क्रांतीवर अभ्यासक्रमात तीन तास होते, त्या सहा घेत. पहिले दोन तास क्रांती का झाली यावर: जमीनदार, सावकार, जपानी फौज, पोटच्या मुली विकणारी गावं. ते ऐकून कुणालाही वाटावं की क्रांती व्हायलाच हवी होती. तिसऱ्या तासाला क्रांतीनंतरच्या जमीनवाटपाच्या सभा येत. तिथे जमीनदारांना गावासमोर उभं करून मारलं गेलं. मेलेल्यांची संख्या लाखांत. चौथा तास धान्याचा. तो आज होता.

“एका गावाने कळवलं, आमचं भात दुप्पट पिकलं. शेजारच्या गावाने तिप्पट कळवलं. कमी कळवणाऱ्याला सभेत उभं करायचे, गद्दार म्हणायचे. वरचा साहेब बघायला आला की पाच-दहा शेतांतलं भात मुळासकट उपटून एका शेतात दाटीने रोवायचं आणि साहेबाला तेवढंच दाखवायचं. सरकारने त्या आकड्यांवर आपला वाटा उचलला. पीक निम्मंही नव्हतं. गावात खायला उरलं नाही. काही ठिकाणी सरकारी कोठारं भरलेली होती आणि बाहेर माणसं मरत होती.”

दुसऱ्या बाकावरची सरिता भोये लिहीत होती. पेठच्या पुढे, गुजरातच्या सीमेलगतच्या डोंगरातल्या आंबेखोऱ्याची. आदिवासी वसतिगृहात राहायची, वर्गात फारसं बोलायची नाही. पहिल्या दोन तासांच्या तिच्या वहीत नऊ पानं भरली होती. तिच्या घरी लाल बावटा होता. वडील झिपरू भोये जमिनीच्या लढ्यात अकरा दिवस तुरुंगात जाऊन आलेले. चौथ्या तासाला तिचा हात सावकाश चालत होता.

“आता सुट्टीचं काम,” बाई म्हणाल्या. “आपल्याकडेही दरसाल पिकाचा एक आकडा ठरतो. गावात त्याला आणेवारी म्हणतात, कागदावर पैसेवारी. शंभर पैसे म्हणजे भरपूर पीक. पन्नासच्या खाली गेला तर दुष्काळ धरतात, टंचाईची कामं निघतात, टँकर येतो. तुमच्या गावाचा आकडा गेल्या वर्षी किती होता आणि तो ठरला कसा, शोधून आणा. शेत कोणी निवडलं, वजन कोणी केलं, कागदावर सही कोणाची. वीस मार्क.”

“मॅडम, आमची फुलं. फुलांना आणेवारी नसते,” अमित म्हणाला.

“मग मार्केटात तुझी पाटी कोण मोजतं आणि तू किती सांगतोस, ते लिहून आण.”

या वेळी वर्ग पुरता हसला.

•

आंबेखोऱ्यात एकसष्ट घरं. वाघबारस होऊन गेली होती. शिवेवरच्या वाघदेवाला वाहिलेला शेंदूर अजून ओला दिसत होता. सरिता पडवीत वही घेऊन बसली. समोर झिपरू विळ्याला धार लावत होता. आई, भागीबाई, सुपात नागली पाखडत होती.

“बाबा, गेल्या साली आपली आणेवारी किती लागली?”

“पंच्याहत्तर पैसे,” झिपरू लगेच म्हणाला. “आजूबाजूच्या बारा गावांत येवढी कुनाची नाय.”

“पंच्याहत्तर!” भागीबाईने सूप थांबवलं. “मंग मी चार महिने दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत काय हवा खाया गेलते?”

“तू गप ग. पोरगी कालेजचं इचारते.”

“कसं ठरलं ते सांगा ना, बाबा. तुम्ही समितीत होता ना?”

झिपरूने विळा बाजूला ठेवला. हे सांगायला त्याला आवडत होतं. गावच्या पैसेवारी समितीत तलाठी, सरपंच, सोसायटीचा चेअरमन आणि दोन शेतकरी असतात. त्या दोघांतला एक तो.

“सर्कलसाहेब आले मोटारसायकलीवर. मंडल अधिकारी. तरणा गडी, येवढ्या लांबून आला. आदल्या दिशीच कोंबडा राखला व्हता. आता सांग, पाव्हण्याला आपण करपलेलं शेत दावतो का? पाव्हना घरी आला त चांगली वाकळ टाकतो का फाटकी? नेला वढ्याकाठी, रावजीच्या खाचरात. दहा मीटर बाय दहा मीटर दोरी लावली, कापलं, मळलं, काटा केला. साडेतेरा किलो! साहेब म्हनला, भोये, गावानं नाव काढलं. मी म्हनलो, साहेब, ही जमीन आमी लढून घेतली. लोक म्हनत व्हते, आदिवासींना जमीन दिली त नासवतील. लिहा म्हनलो आता.”

“बाकीच्या शेतांत किती आलं होतं?”

“बाकीचं…” झिपरूने विळा पुन्हा हातात घेतला. “बाकीचं गेलंच व्हतं. भादव्यात पाऊस पळाला. रावजीच्या खाचराला वढा हाय म्हनून वाचलं.”

“आणि सही?”

“सही त जेवनाच्या आधीच केलती सगळ्यांनी. कोऱ्या कागदावर. साहेबाला परत जायाची घाई, आकडा मागनं भरला.”

सरिता लिहीत राहिली. झिपरूने मान वाकवून वहीत पाहिलं. त्याला वाचता येत होतं, पण अक्षर बारीक होतं.

“लिही, लिही. रावजीच्या बापाचं नाव बी लिही. तो बी माझ्यासंगं तुरुंगात व्हता.”

पुढचे दोन दिवस ती घराघरांत फिरली. प्रत्येक घरात दोनच प्रश्न. गेल्या साली भात किती झालं? डिसेंबर ते एप्रिल घरातलं कोण मजुरीला गाव सोडून गेलं? शेजारच्या चिमणाबाईने तिला ओट्यावर बसवून घेतलं आणि सांगितलं, “आमच्यातले पाच गेलते. म्हतारा आन् मी राह्यलो. आन् कुत्रं. कुत्र्याला मांडायचं का तुज्या वहीत?” एकसष्ट घरांची बेरीज एकशे बारा माणसं झाली. त्यात तिची आई होती.

निघायच्या सकाळी झिपरूने तिला एस.टी.पर्यंत सोडलं. औंदा तर गेल्या सालापेक्षा वाईट, तो वाटेत म्हणाला. सोळा नोव्हेंबरला नाशकात कलेक्टर कचेरीवर मोर्चा होता. मागणी एकच: डोंगरातल्या गावांत दुष्काळ जाहीर करा.

“आणि सर्कलसाहेब कापणीला कधी येणार?”

“एकवीसला. उशिराचं भात तवरक उभं राहील. कोंबडा राखलाय.”

गाडी सुटली. घाट संपेपर्यंत तिने वही उघडली नाही.

•

सोमवारी, १३ नोव्हेंबरला, मोहिनीबाईंनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. निबंध सात पानी होता. पहिल्या पानावर लाल पेनाने तीन गोल काढलेले होते. ‘एका गावात’. ‘समितीच्या एका सदस्याने’. ‘एका चांगल्या शेतात’.

“आकडे उत्तम आहेत. एकसष्ट घरं फिरलीस, एवढं काम एम. ए.ची मुलं करत नाहीत. पण गाव कुठलं?”

“मॅडम, एक गाव.”

“‘एक गाव’ नकाशावर सापडत नाही. सदस्य कोण?”

सरिता टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली,

“माझे बाबा.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. बाजूच्या टेबलावर कोणीतरी हजेरीपट मिटत होतं. ते बाहेर जाईपर्यंत त्या थांबल्या.

“दोन रस्ते आहेत. हा निबंध मागे घे, दुसरा विषय देते, एकही मार्क जाणार नाही. किंवा नाव घाल, गाव घाल. तिसरा रस्ता मी देणार नाही. ज्या आकड्याला गाव नाही आणि सही नाही, त्याला उद्या कोणीही खोटं म्हणेल, आणि तुला काही सिद्ध करता येणार नाही.”

“मॅडम, पाचव्या तासाला तुम्हीच शिकवलं,” सरिता म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्द तयार होते. ते तिने वसतिगृहात पाठ केले असावेत. “सहासष्ट साली तिथल्या पोरांनी भर सभेत स्वतःच्या आईबापांची नावं घेतली. शाळेतल्या मुलींनी उपमुख्याध्यापिकेला मारून टाकलं. सगळ्यांना वाटत होतं आपण खरं तेच बोलतोय. मी बाबांचं नाव वर्गात घेतलं तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?”

“प्रश्न बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “त्या सभेत बापाला काय करता येत होतं?”

“मान खाली घालून उभं राहायचं. गळ्यात पाटी.”

“उलट उत्तर?”

“नाही.”

“पोराला गप्प बसता येत होतं?”

“गप्प बसलं तर त्यालाही उभं करायचे.”

“मग फरक तुला दिसतोय. तुझ्यावर जबरदस्ती नाही. मागे घे म्हणून मी आत्ताच सांगितलं. राहिला बाप. त्याला उत्तर द्यायची सोय तू करू शकतेस का, ते बघ. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत मुदत.”

त्या दुपारी सरिताने चार ओळींची चिठ्ठी लिहिली आणि स्टँडवर जाऊन पेठकडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिली. डोंगरातल्या गावांना टपालापेक्षा हे लवकर पोचतं. चिठ्ठी अशी होती: ‘बाबा, मोर्चाला याल तेव्हा आधी कॉलेजात या. मी आपल्या आणेवारीवर लिहिलं आहे. त्यात तुमचं नाव येतं. कोणाला दाखवायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवायचं आहे.’

•

गुरुवारी सकाळी नऊ पस्तीसला वर्गाच्या दारात झिपरू भोये उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा, काखेत बांबूला गुंडाळलेला लाल बावटा. सोबतची पाच माणसं खाली कडुनिंबाखाली भाकरी सोडत होती.

“सरिताचे वडील ना? या, भोयेदादा,” बाई म्हणाल्या. “तास संपायला पंचवीस मिनिटं आहेत. बसता का?”

अमितने सरकून जागा केली. झिपरूने बावटा भिंतीला टेकवला आणि बाकावर बसला.

बाईंनी तास पुढे चालू ठेवला. हा सहावा, उजळणीचा तास; त्या पुन्हा धान्याच्या आकड्यांकडे वळल्या होत्या. १९५९ सालची एक मोठी बैठक. एका सेनापतीने पक्षाच्या प्रमुखाला पत्र लिहून कळवलं की धान्याचे आकडे फुगलेले आहेत. त्याला पदावरून काढलं. आकडे आणखी फुगले. सर्वांत जास्त माणसं त्यानंतरच्या वर्षी मेली.

झिपरूने हात वर केला. त्याला हात वर करायची सवय सभांमधून होती.

“मॅडम, म्हंजी लाल बावटा खोटा, असं शिकवता का तुमी पोरांना?”

सगळा वर्ग मागे वळला. सरिताने मान खाली घातली.

“नाही,” बाई म्हणाल्या. “जमिनीसाठी लोक का उठले, हे मी दोन तास शिकवलं. सरिताच्या वहीत नऊ पानं आहेत, बघा. तो लढा खोटा असता तर एवढी पानं भरली नसती. पण लढणाऱ्यांच्या हातात सत्ता आल्यावर काय झालं, तेही शिकवते. दोन्ही त्याच लोकांचा इतिहास आहे. एकच अर्धा शिकवला तर मी नोकरी सोडावी.”

झिपरूने याचा विचार केला. “हां,” तो म्हणाला. “मंग ठीक हाय.”

“काका, तुमच्या गावात आणेवारी लागते ना?” अमितने विचारलं. त्याला काहीच माहीत नव्हतं; त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. “कापायचं शेत कसं निवडता? चिठ्ठ्या टाकून?”

झिपरू उभा राहिला. कापणीची गोष्ट त्याने भागीबाईपेक्षा चांगल्या श्रोत्यांना कधी सांगितली नव्हती. दोरी कशी लावतात, कणसं कशी मोजतात, काटा कसा धरतात, सगळं त्याने हातवारे करून दाखवलं. पोरं ऐकत होती. मग तो रावजीच्या खाचरापाशी आला.

“चिठ्ठ्या कशाला? साहेब येवढ्या लांबून आला. पाव्हण्याला करपलेलं भात दावतात का? गावातलं बेस्ट शेत दावलं!”

कोणी हसलं नाही. पाच-दहा शेतांतलं भात एका शेतात रोवल्याची गोष्ट याच वर्गात, याच फळ्यासमोर झाली होती. अमित पायांकडे बघू लागला.

“काय झालं?” झिपरूने विचारलं. “मी काय चुकीचं बोललो?”

सरिता उठली. “बाबा, बाहेर चला. चिठ्ठीत लिहिलं होतं ना, तेच तुम्हाला वाचून दाखवायचंय.”

“हितंच वाच.”

“बाहेर वाचते, बाबा.”

“मी काय चोरी केली का बाहेर जायाला? वाच.”

तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी खडू ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

सरिताने वाचलं. ‘एका गावात’ खोडून तिने आंबेखोरे असं केलेलं होतं. सदस्याच्या नावाची जागा मात्र अजून कोरी होती. तिथे ती थांबली, आणि म्हणाली, “झिपरू भोये.” मग पुढे वाचलं. रावजी महाले यांच्या खाचरात साडेतेरा किलो. भरपूर पिकाचं प्रमाण अठरा किलो, म्हणून पंच्याहत्तर पैसे. उरलेल्या साठ घरांच्या सांगण्याप्रमाणे नेहमीच्या एक तृतीयांश पीक, अंदाजे. सह्या आकडा भरण्यापूर्वी. टंचाईची कामं निघाली नाहीत, टँकर आला नाही. गाव सोडून गेलेली माणसं एकशे बारा.

झिपरू उभाच होता.

“किती म्हनली?”

“एकशे बारा.”

“तुजी आई धरून?”

“धरून.”

तो बाकावर बसला. खालून कोणीतरी हाक मारली, “झिपरूदादा, चला! बाकीचे पंचवटीत पोचले!”

“त्या चीनवाल्यांनी,” तो बाईंना म्हणाला, “तेंनी बी नाव काढाया केलं असंल. गावाचं.”

“बऱ्याच जणांनी. सगळेच भीतीने करत नव्हते. काहींना आपल्या क्रांतीचा अभिमान होता.”

“आन् मेले तीन कोटी.”

“अंदाजे. तुमच्या गावात कोणी मेलं नाही, भोयेदादा. ते आणि हे एका मापाने मोजू नका, मी मोजत नाही. त्यांच्या गावातून कोणी कचेरीवर मोर्चा काढू शकत नव्हतं. कोणाची मुलगी आकडा मागायला घराघरांत फिरू शकत नव्हती. तुम्ही आज बावटा घेऊन नाशकात आलात, हा फार मोठा फरक आहे.”

“मोर्चात मागायचा दुष्काळ,” झिपरू म्हणाला, “आन् कागदावर सही पंच्याहत्तरची. आन् मंगळवारी परत कोंबडा.” तो हसला नाही, पण अमितला ते हसणं वाटलं आणि तो थोडा हसला. झिपरूने त्याच्या पाठीवर थाप मारली. “हस रे. मी बी हसलो असतो, दुसऱ्याचा बाप असता त.”

मग तो उठला आणि सरिताच्या बाकापाशी गेला.

“ते कोरं ठेवलंय तिथं नाव लिही.”

“लिहू?”

“नुसतं झिपरू भोये नको. गावात तीन झिपरू हायेत, दुसऱ्याच्या डोक्यावर जाईल. झिपरू लक्ष्या भोये. पुरं लिही.”

तिने लिहिलं. त्याने वाकून तपासलं, भिंतीचा बावटा उचलला आणि जिना उतरला. त्या दिवशी मोर्चात तो पहिल्या रांगेत होता.

•

एकवीस नोव्हेंबरला सर्कलसाहेब साडेदहाला पोचले. सरिता आदल्या रात्रीच्या गाडीने आली होती; मोहिनीबाईंनी तिच्या हजेरीपुढे ‘क्षेत्रभेट’ असं लिहिलं होतं.

शाळेच्या ओट्यावर तांब्याचा हंडा होता. त्यात एकसष्ट चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एका घराच्या भाताच्या शेताचं नाव. झिपरूने दोन दिवस खपून त्या केल्या होत्या.

“भोये, हे काय नवीन?” साहेबांनी विचारलं. “जायचं ना वढ्याकाठी?”

“चिठ्ठी निघंल तिकडं जायाचं, साहेब. तीन शेतं. कायद्यात बी तसंच हाय म्हनं.”

“आहे. करतं कोण?” साहेबांनी हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं. “काढा.”

झिपरूने बायकोला पुढे केलं. “तू काढ. तू दिंडोरीला गेलतीस.”

भागीबाईने हात घातला. पहिली चिठ्ठी सरपंचाने मोठ्याने वाचली. रावजी महाले, वढ्याकाठचं खाचर.

ओट्याभोवतीच्या साठ-सत्तर माणसांतून एकदम आवाज उठला. “टाक परत!” “दुसरी काढ!” चिमणाबाई सगळ्यांच्या वरून म्हणाली, “भागे, चार महिने द्राक्षं तोडलीस, हाताला तेवढंच चांगलं लागतं का ग?” रावजी स्वतःच पुढे आला. “झिपरूदादा, माझं वगळ. मला चालंल. माझ्या एका शेतापायी गाव मरायला नको.”

सरिताला आकडे ठाऊक होते. रावजीचं खाचर याही साली तग धरून होतं. ते तीन शेतांत धरलं तर सरासरी पन्नासच्या वर जाऊ शकत होती. टाकून दिलं तर नक्की खाली येणार होती. तिने वडिलांकडे पाहिलं. तेही तिच्याकडेच बघत होते.

“निघाली ती निघाली,” झिपरू म्हणाला. “गेल्या साली आमी चांगलं तेवढं दावलं. औंदा वाईट तेवढं दावायचं का? मंग चिठ्ठ्या कशाला केल्या? काढ दुसरी.”

दुसरी चिठ्ठी टेकडीवरच्या वत्सलाबाईच्या शेताची. तिसरी खुद्द चिमणाबाईच्या म्हाताऱ्याची.

तिन्ही शेतं गाठायला दुपार झाली. साहेब घामाघूम झाले, पण थांबले नाहीत. टेकडीवर दोरीचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं. रावजीकडे बारा किलो सहाशे ग्रॅम. वत्सलाबाईकडे पाच किलो चारशे. चिमणाबाईच्या शेतावर काटा स्थिर व्हायला वेळ लागला आणि सगळं गाव त्याच्याकडे बघत राहिलं. सात किलो दोनशे.

सरिताने वहीत बेरीज केली, तलाठ्याने कागदावर. दोघांचं उत्तर एकच आलं. तिघांची सरासरी आठ किलो चारशे ग्रॅम. अठराला आठ पूर्णांक चार. सत्तेचाळीस पैसे.

“तीन पैशानं वाचलो,” रावजी म्हणाला आणि खाली बसला.

साहेबांनी पिशवीतून छापील कागद काढला. सवयीने त्यांनी तो कोराच पुढे केला आणि पेन झिपरूच्या हातात दिलं. “सह्या करून टाका सगळ्यांनी. मी भरून घेतो आकडा. उशीर झालाय.”

झिपरूने पेन परत दिलं.

“आधी आकडा, साहेब.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग वही धरून उभ्या असलेल्या पोरीकडे. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि आकड्यात व अक्षरात सत्तेचाळीस लिहिलं. झिपरूने ते वाचलं. मग त्याखाली सावकाश, पुरं नाव लिहून सही केली. झिपरू लक्ष्या भोये. सरिताने वेळ टिपून घेतली: तीन वाजून चाळीस मिनिटं.

“आता जेवाया चला,” भागीबाई म्हणाली. “कोंबडा सकाळपास्नं शिजून वाट बघतोय.”

सरिताने निबंधाला एक पान जोडलं आणि शुक्रवारी दिला. वीसपैकी साडेएकोणीस मिळाले. शेवटच्या पानावर ‘साठ-सत्तर माणसे जमली होती’ या वाक्यापुढे बाईंनी लाल पेनाने लिहिलं होतं: अंदाजे?